रमाबाईंचा भरवसा

‘देवावर भरवसा ठेवा’ हे आपण सहज बोलतो, बहुधा दुसऱ्याला. पंडिता रमाबाईंनी ते स्वतःला लावून घेतले. मुंबईत १८८९ साली सुरू झालेल्या त्यांच्या शारदा सदनाला अमेरिकेतल्या एका मंडळाने दहा वर्षे मदत देऊ केली होती. ती मुदत सरत आली आणि नेमका १८९६-९७चा दुष्काळ पडला. हिशेबी माणसाने दार लावून घेतले असते. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या! पैसा कोठून येणार, ठाऊक नव्हते. मागितले तर देव देईल, एवढे ठाऊक होते. पण मागून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. केडगावला विहिरी खोदल्या, शेती केली, मुलींना विणकाम नि छपाई शिकवली. ख्रिस्ती माणूस प्रार्थनेत रोजची भाकर मागतो, ती एकट्यासाठी नव्हे, सगळ्यांसाठी. केडगावात त्या मागण्याला पंगतीचे रूप आले.

भरवशाने दुःख टळते असे मात्र नाही. एकुलती लेक मनोरमा १९२१ साली आईआधी गेली. रमाबाईंनी सोप्या मराठीत चालवलेले बायबलचे भाषांतर सोडले नाही. १९२२ साली त्याही गेल्या. ते बायबल १९२४ साली केडगावातच छापून निघाले. खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच बायका होत्या.