परत आलेले १८७ जण

‘स्क्विड गेम’ पाहिलेल्या कुणालाही विचारा, काळजाचा ठोका चुकवणारा प्रसंग कोणता, तर आधी त्या बाहुलीचंच नाव निघतं. पिवळा शर्ट, केशरी फ्रॉक, दोन वेण्या आणि उंची माणसाच्या कितीतरी पट. ती झाडाकडे तोंड करून गाणं म्हणते तोवर पळायचं, तिनं मान फिरवली की जागच्या जागी थांबायचं. जो हलला त्याला गोळी. पहिला माणूस पडतो तेव्हा बाकीच्यांना ती गंमत वाटते. मग रक्त दिसतं, सगळे दाराकडे धावतात, दारं बंद असतात आणि धावणारा प्रत्येक जण अर्थातच हललेला असतो. पाच मिनिटांत ४५६पैकी २५५ माणसं मरतात.

हा प्रसंग भयंकर आहे, त्यात वाद नाही. पण मला हादरा बसला तो त्याच्या पुढच्या भागात, आणि तिथे एकही गोळी सुटत नाही. मी सांगलीकडच्या एका सहकारी बँकेत वसुली विभागात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. थकीत कर्जदार, जामीनदार, तारण, नोटीस, जप्ती, हेच माझं रोजचं जग होतं. म्हणून ही मालिका मला खेळाची वाटलीच नाही. ही कर्जाची गोष्ट आहे, आणि तिच्यातले धक्के कर्जाच्या वहीतून मोजले तरच नीट कळतात. (ज्यांनी मालिका अजून पाहिलेली नाही त्यांना आधीच सांगते, पुढे सगळं उघड होणार आहे.)

दक्षिण कोरियाच्या ह्वांग डोंग-ह्युक यांनी लिहिलेली आणि दिग्दर्शित केलेली ही नऊ भागांची मालिका १७ सप्टेंबर २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर आली. कर्जात गळ्यापर्यंत बुडालेल्या ४५६ माणसांना एका बेटावर नेतात आणि लहानपणीचे सहा खेळ खेळायला लावतात. हरला तो मेला. एक माणूस मेला की छताला टांगलेल्या काचेच्या गुबगुबीत डुकराच्या गल्ल्यात दहा कोटी वॉन पडतात. तेव्हाच्या दरानं आपले साधारण साठ-बासष्ट लाख रुपये. शेवटी उरेल त्याला सगळे मिळून ४,५६० कोटी वॉन. माणसाच्या जिवाची किंमत इतकी चोख ठरवलेली आहे की तोंडी हिशेब करता येतो.

आता दुसरा भाग. बाहुलीच्या मैदानातून वाचलेले २०१ जण गयावया करत असतात, आम्हाला घरी सोडा. त्यातला सांग-वू हा शिकलेला माणूस सह्या केलेल्या करारातलं तिसरं कलम दाखवतो: बहुमतानं ठरलं तर खेळ थांबवता येतो. आयोजक अगदी अदबीनं हो म्हणतात. फक्त मतदानाच्या आधी ते दिवे मंद करतात आणि तो गल्ला खाली आणून त्यात २,५५० कोटी वॉनच्या नोटा पडताना दाखवतात. आत्ता घरी गेलात तर हे पैसे मेलेल्यांच्या घरच्यांना जातील आणि तुम्हाला काहीही मिळणार नाही, हेही सांगतात. मग एकेक जण पुढे येऊन बटण दाबतो. शंभर मतं थांबण्याची, शंभर मतं खेळण्याची. शेवटचं मत एक क्रमांकाच्या म्हाताऱ्याचं, आणि तो थांबायचं बटण दाबतो. कलम दाखवणारा सांग-वू? त्यानं मत दिलेलं असतं खेळ चालू ठेवायला.

सगळ्यांना हातपाय बांधून सोलच्या रस्त्यावर आणून टाकतात. आता ही माणसं मोकळी आहेत. या भागाचं नाव ‘नरक’ असं आहे आणि जवळजवळ सगळा भाग बेटाच्या बाहेर घडतो. नायक गी-हुनच्या आईला मधुमेह आहे, पाय काळा पडत चाललाय. दवाखान्यात दाखल करायचं म्हटलं तर तिच्या विम्याचे पैसे मुलानं कधीच काढून उडवलेत. अली हा पाकिस्तानातून आलेला मजूर. त्याच्या मालकानं सहा महिन्यांचा पगार दिलेला नाही. उत्तर कोरियातून पळून आलेल्या से-ब्योकचा धाकटा भाऊ अनाथाश्रमात आहे आणि आईला सीमेपलीकडून आणायला दलालाला मोजायचे पैसे नाहीत. प्रत्येकाच्या घरात कॅमेरा थोडाच वेळ थांबतो. तेवढ्यात कळतं की ही माणसं परत जाणार. २०१पैकी १८७ जण स्वतःच्या पायानं परत येतात. हे माझ्या मते संपूर्ण मालिकेतलं सर्वांत क्रूर दृश्य. बंदूक रोखून खेळायला लावलं असतं तर तो गुन्हा आयोजकांचा झाला असता. इथे माणसं राजीखुशीनं आली आहेत, कागदावर सही आहे, कायद्याच्या भाषेत संमती आहे.

या संमतीचं खरं रूप पहिल्याच भागात दिसतं. सावकाराची माणसं गी-हुनला स्वच्छतागृहात गाठतात, मारतात, आणि पैसे दिले नाहीस तर एक मूत्रपिंड आणि एक डोळा देईन, असं लिहून घेतात. अंगठ्याला शाई नसते. त्याच्या नाकातून रक्त येत असतं, त्यातच अंगठा बुडवून कागदावर उठवतात. दृश्य चार-पाच सेकंदांचं. मी ते थांबवून पुन्हा पाहिलं. वसुलीत असताना असे कितीतरी अंगठे मी कागदावर पाहिले होते, शाईचे, कायदेशीर, साक्षीदारांसमोर उठवलेले. एका म्हातारीच्या घरी नोटीस द्यायला गेले होते. मुलानं धंद्यासाठी कर्ज काढलेलं, राहतं घर तारण, आणि घर होतं तिच्या नावावर. मुलगा गाव सोडून गेलेला. मी विचारलं, “मावशी, कागद वाचून दाखवला होता का कुणी?” ती म्हणाली, “कशाचा कागद ते इचारायचं असतंय व्हय बाई? पोरगं म्हणलं अंगठा दे, दिला.” बोलताना ती उजव्या अंगठ्याचं टोक लुगड्याच्या काठाला पुसत होती, जणू शाई अजून ओली होती.

सांग-वूच्या आईचंही हेच आहे. ती बाजारात मासे विकते. पोरगा सोल राष्ट्रीय विद्यापीठात शिकला याचा तिला कोण अभिमान! तो परदेशी कामानिमित्त गेलाय असं सगळ्यांना सांगत असते. त्यानं वायदेबाजारात ६०० कोटी वॉन घालवलेत आणि तिचं घर, तिचं दुकान दोन्ही गहाण टाकलंय, हे तिला ठाऊक नाही. पोलिस तिच्या दारात येतात तेव्हा तो लांब उभा राहून पाहतो आणि मागच्या मागे निघून जातो. पुढे तो जे जे करतो त्याचं मूळ मला या उभं राहण्यात दिसतं.

गी-हुनच्या कर्जामागे तर खरीखुरी घटना आहे. मालिकेत तो ‘ड्रॅगन मोटर्स’मधून काढून टाकलेला कामगार आहे. संपात त्याच्या डोळ्यांदेखत एक सहकारी मेला, त्याच रात्री त्याच्या बायकोला मुलगी झाली आणि तो तिच्याजवळ नव्हता. यामागे सांगयाँग मोटर कंपनीचा २००९चा संप आहे, हे ह्वांग यांनी स्वतः सांगितलेलं आहे. कंपनी अडचणीत आली, २,६४६ कामगारांना कमी करायचं ठरलं, आणि प्याँगटेकच्या कारखान्यात कामगारांनी ७७ दिवस ठिय्या दिला. शेवटी पोलिसांनी तो मोडून काढला. त्यानंतरच्या वर्षांत त्या कामगारांपैकी आणि त्यांच्या घरच्यांपैकी तीसच्या आसपास माणसं आत्महत्येनं किंवा आजारानं गेली. पुढे २०११ मध्ये हीच कंपनी आपल्या मुंबईच्या महिंद्रानं विकत घेतली आणि जवळपास दहा वर्षं चालवली. उरलेल्या ११९ कामगारांना परत घेण्याचा करार व्हायला २०१८ उजाडलं. मालिका पाहताना एवढं माहीत असलं की गी-हुन आळशी जुगारी वाटत नाही.

मालिकेचा सहावा भाग गोट्यांचा. खेळाडूंना जोड्या करायला सांगतात. आपण एकत्र खेळणार अशा समजुतीनं प्रत्येक जण जवळच्या माणसाला निवडतो, नवरा बायकोला निवडतो. मग कळतं की जोडीदारच प्रतिस्पर्धी. अर्ध्या तासात त्याच्या दहाच्या दहा गोट्या जिंकायच्या. अलीच्या समोर सांग-वू. याच सांग-वूनं बाहेर असताना अलीला खाऊ घातलं होतं, बसभाड्याला पैसे दिले होते आणि पुढे साहेब न म्हणता दादा म्हणायला शिकवलं होतं. खेळ अली जिंकत आलेला असतो. सांग-वू त्याला पटवतो की दोघं वाचू शकतील असा एक मार्ग आहे. मग तो गोट्या जपून ठेवायला अलीच्या कपड्याचीच एक पुरचुंडी करून त्याच्या गळ्यात बांधतो. आत खडे भरलेले असतात. अली गल्ल्यागल्ल्यांतून “दादा, दादा” हाका मारत फिरतो, पुरचुंडी उघडतो, खडे पाहतो. अलीचं काम अनुपम त्रिपाठी या दिल्लीच्या नटानं केलंय. दिल्लीत रंगभूमीवर काम करून तो शिष्यवृत्तीवर कोरियाच्या राष्ट्रीय कला विद्यापीठात शिकायला गेला आणि तिथेच स्थिरावला. खडे हातात घेतल्यावर त्याच्या चेहऱ्यावर राग येत नाही, नुसतं न समजणं येतं. जामीनदाराला पहिली नोटीस मिळते तेव्हा अगदी असाच चेहरा होतो, हे मी खात्रीनं सांगते.

त्याच भागात दोन मुली खेळायचंच टाळतात. जी-यॉन्ग आणि से-ब्योक ठरवतात की शेवटी एकच डाव खेळू, तोवर बोलत बसू. बाहेर गेलो तर काय करू, यावर बोलतात. जेजू बेटावर फिरायला जाऊ, म्हणतात. वेळ संपत येते तेव्हा जी-यॉन्ग गोटी मुद्दाम पायाशी टाकते. तुझ्याकडे बाहेर जायला कारण आहे, माझ्याकडे नाही, एवढंच तिचं म्हणणं. एवढ्याशा भूमिकेसाठी ली यू-मीला २०२२ चं एमी मिळालं आणि ते योग्यच झालं.

पुढे काचेचा पूल ओलांडायचा खेळ येतो, साध्या काचेवर पाय पडला की माणूस खाली. सगळे त्या पुलाच्या उंचीबद्दल बोलतात. मला त्यातला सतरा क्रमांकाचा माणूस विसरता येत नाही. तो तीस वर्षांहून जास्त काच कारखान्यात राबलेला. कुठली काच कडक, कुठली साधी, हे तो प्रकाशाच्या झाकेवरून ओळखतो. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं कसब त्याला वाचवणार असतं. मुखवटे घालून पाहत बसलेल्या श्रीमंत पाहुण्यांना त्यात मजा येत नाही, म्हणून दिवे घालवले जातात. मग मागून सांग-वू त्याला ढकलतो. कसबी कामगाराचं काय होतं हे इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी दाखवल्याचं मला आठवत नाही.

शेवटी उघड होतं की तो एक क्रमांकाचा म्हाताराच या खेळाचा धनी आहे. अनेकांना हाच सर्वांत मोठा धक्का वाटतो. मला तो गोष्टीसाठी लागणारा खिळा वाटला. पण दुसऱ्या भागातलं त्याचं थांबण्याचं मत आता वेगळं दिसतं, ही गोष्ट खरी. सोडलं तरी माणसं परत येणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ह्वांग यांनी ही कथा २००८-०९च्या सुमारास लिहिली. आधी तो सिनेमा होणार होता. फार हिंसक, फार अशक्य, असं म्हणून कुणी पैसे लावेना. त्या ओढाताणीच्या दिवसांत त्यांना स्वतःचा लॅपटॉप विकावा लागला. दहाएक वर्षांनी मालिका झाली तेव्हा चित्रीकरणाच्या ताणानं त्यांचे सहा दात गेले. त्यांना आणि गी-हुन साकारणाऱ्या ली जंग-जेला एमी मिळालं, इंग्रजीबाहेरच्या मालिकेला त्या विभागांत पहिल्यांदाच. आणि २०२३ मध्ये त्याच नेटफ्लिक्सनं ४५६ खऱ्या माणसांना मालिकेतल्या खेळाडूंचेच हिरवे कपडे घालून, तीच बाहुली उभी करून स्पर्धेचा कार्यक्रम काढला, बक्षीस ४५.६ लाख डॉलर. त्यात कुणी मरत नाही, हे मान्य. तरीही मी तो पाहिला नाही, पाहणार नाही. गरजू माणसांची धडपड मजेनं बघणं हेच तर मालिकेत त्या पाहुण्यांचं पाप होतं.

डिसेंबर २०२४ मध्ये दुसरा आणि जून २०२५ मध्ये तिसरा हंगाम आला. आता प्रत्येक खेळानंतर मतदान होतं आणि कपड्यांवर गोल किंवा फुलीचा बिल्ला लागतो, म्हणजे रात्री कुणी कुणाचा गळा धरायचा तेही ठरलं. या गर्दीत ग्युम-जा नावाची म्हातारी आहे. जुगारी मुलाचं कर्ज फेडायला ती बेटावर आली आहे. आत आल्यावर कळतं की मुलगाही तिथेच आहे, त्याच कर्जासाठी. तिसऱ्या हंगामात लपाछपीचा खेळ असतो. जगायचं असेल तर मुलानं कुणाला तरी मारायलाच हवं, आणि त्याच्यासमोर येते नुकतीच बाळंत झालेली पोर, तिचं तान्हं बाळ आणि मध्ये उभी आई. आई केसांतला काटा काढून मुलाला भोसकते. वेळ संपते, पहारेकरी त्याला गोळी घालतात. मग मतदानाच्या वेळी ती सगळ्यांसमोर गुडघे टेकून त्या बाळासाठी हात जोडते. बहुमत खेळाच्याच बाजूनं पडतं. त्याच रात्री ती स्वतःला संपवते.

तिसऱ्या हंगामावर बरीच टीका झाली, आणि श्रीमंत पाहुण्यांचे प्रसंग कृत्रिम वाटतात हे मलाही पटतं. पण कांग ए-शिम या अभिनेत्रीनं उभी केलेली ग्युम-जा पाहण्यासाठी तरी तो पाहावा. जामीन राहिलेली आई इतक्या जवळून दाखवणारं दुसरं काही माझ्या पाहण्यात आलेलं नाही.