ट्रायथलॉनचा श्रीगणेशा

तीन वर्षांमागची गोष्ट. आषाढांतील एका रात्रीं जेवणें आटोपून आम्ही ओटीवर सुपारी कातरीत बसलों होतों. इतक्यांत आमचा धाकटा पुतण्या येऊन म्हणाला, "काका, गोव्याच्या ट्रायथलॉनमध्ये नांव घातलं. दोन किलोमीटर समुद्र पोहायचा, नव्वद किलोमीटर सायकल आणि वर एकवीस किलोमीटर धांवायचं." आम्हीं विचारलें, "यापूर्वीं एखादी लहान शर्यत केली आहेस काय?" "लहान कशाला? करायची तर मोठीच करावी!" हा बाणा आम्हांस आवडला. घरांतील मंडळी 'कशाला हें नसतें साहस' म्हणून कुरकुरत असतां आम्हीं मात्र त्याची पाठ थोपटली. ती थाप किती महाग पडणार होती याची तेव्हां कल्पना नव्हती. त्या चुकीचें परिमार्जन म्हणूनच आज हा लेख लिहीत आहों.

पुतण्यास सायकल उत्तम येत होती. धांवण्याचाहि सराव होता. पोहणें तो शहरांतील तरणतलावांत शिकलेला. पंचवीस मीटर जावें, कठडा धरावा, दम घ्यावा व परत फिरावें, अशा थाटाचें तें पोहणें. भाद्रपदांत तो मित्रांबरोबर एका मोठ्या तलावावर सरावास गेला. कांठापासून शंभर-दीडशें मीटर आंत गेल्यावर खालीं काळेंभोर पाणी, पाय टेकावयास तळ नाहीं, धरावयास कठडा नाहीं, हें ध्यानांत येतांच त्याची छाती धडधडूं लागली, श्वास पुरेनासा झाला, आणि पोहतां येत असूनहि तो गटांगळ्या खाऊं लागला. दैवयोगानें जवळच एक कोळी जाळें टाकीत होता. त्यानें होडी वळविली व त्यास वर ओढून घेतलें. संध्याकाळीं तो घरीं आला तो कोणाशीं बोलेना. निजानीज झाल्यावर आमच्याजवळ येऊन एवढेंच म्हणाला, "काका, मला पोहतां येतं हो, पण त्या वेळीं कांहींच आठवेना." त्या रात्रीं आमचा डोळ्यास डोळा लागला नाहीं.

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं, शाळा सोडल्यावर प्रथमच, विद्यार्थ्याची भूमिका घेतली आणि या खेळाचा इतिहास, नियम व शिक्षणक्रम यांचा अभ्यास केला. त्याचें सार वाचकांपुढें ठेवितों.

खेळाची जन्मकथा

ट्रायथलॉन हा शब्द ग्रीक मुळांवरून बनविलेला आहे. त्याचा पहिला अवयव आपल्या 'त्रि' शब्दाचा सख्खा भाऊ. दुसऱ्याचा अर्थ स्पर्धा किंवा स्पर्धेंतील बक्षीस. पोहणें, सायकल चालविणें व धांवणें हीं तीन अंगें याच क्रमानें, एकामागून एक, पुरीं करावयाचीं. मध्यें कपडे व जोडे बदलण्यांत जाणारा वेळहि हिशेबांत धरला जातो.

नांव प्राचीन वाटलें तरी खेळ अर्वाचीन आहे. ता. २५ सप्टेंबर १९७४ रोजीं अमेरिकेंतील सॅन डिएगो शहरीं, मिशन बे नांवाच्या खाडीकांठीं, तेथील धांवपटूंच्या मंडळानें या नांवाची शर्यत प्रथम भरविली. तींत धांवणें सुमारें दहा किलोमीटर, सायकल आठ किलोमीटर व पोहणें साडेचारशें मीटर एवढेंच होतें, आणि पोहणें तर तुकड्यातुकड्यांनीं होतें. भाग घेणाऱ्यांत जॉन कॉलिन्स नांवाचे नौदलाचे एक अधिकारी होते. याच कॉलिन्स यांनीं पुढें फेब्रुवारी १९७८ मध्यें हवाई बेटांतील ओआहू येथें ३.८ किलोमीटर पोहणें, सुमारें १८० किलोमीटर सायकल व ४२.२ किलोमीटर धांवणें अशी ती सुप्रसिद्ध 'आयर्नमॅन' शर्यत काढली. निघाले १५, शेवटास गेले १२. पहिले आलेले गॉर्डन हॅलर यांस पावणेबारा तासांहून कांहींसा अधिक वेळ लागला.

आमच्या पुतण्यासारख्या तरुणांनीं ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, लोहपुरुषांची शर्यत ज्यानें निर्माण केली त्यानेंहि आरंभ साडेचारशें मीटरांपासूनच केला होता.

शर्यत कोणती निवडावी ?

आज रूढ असलेलीं अंतरें मुख्यतः चार. 'स्प्रिंट' म्हणजे ७५० मीटर पोहणें, २० किलोमीटर सायकल व ५ किलोमीटर धांवणें. 'ऑलिंपिक' याच्या बरोबर दुप्पट, इ. स. २००० च्या सिडने येथील ऑलिंपिकांत याच अंतरानें या खेळाचा प्रवेश झाला. तिसरें अंतर १.९, ९० व २१.१ किलोमीटर. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ सालीं भरली ती हीच. चौथी ती वर सांगितलेली पूर्ण आयर्नमॅन. कोठें कोठें स्प्रिंटहूनहि लहान, तीनशें-चारशें मीटर पोहण्याची, खास नवशिक्यांकरितां शर्यत असते.

नवशिक्यानें स्प्रिंट किंवा तिच्याहून लहान शर्यतच निवडावी, हें आमचें स्पष्ट मत आहे. त्यांतहि प्रथम पाहावें तें पाणी. तरणतलाव, शांत सरोवर व समुद्र अशी ही चढती इयत्ता आहे; पहिलीचा मुलगा एकदम मॅट्रिकच्या वर्गांत बसवीत नाहींत. कोल्हापुरास राजाराम तलावावर अशा शर्यती भरलेल्या आहेत; तलावास लाटा नसतात, पण तळहि दिसत नाहीं, हें विसरूं नये. थंड देशांत स्पर्धक रबरी पोशाख घालतात व तो त्यांस तरंगवितो. गोव्याच्या उबदार समुद्रांत त्याचा आधार मिळत नाहीं. पाण्यावर रक्षकांच्या होड्या किती, प्रत्येक अंगास वेळेची मर्यादा काय, शर्यत कोणत्या ऋतूंत आहे, हें सर्व विचारून मगच फी भरावी. आमच्या पुतण्याची फी बुडाली. पण ती त्या वर्षींची आमच्या घरांतील सर्वांत स्वस्त शिकवणी ठरली.

पाण्याचें भय

१९८५ ते २०१६ या काळांत अमेरिकेंतील ट्रायथलॉनांत जे मृत्यु ओढवले किंवा हृदयक्रिया अकस्मात् बंद पडण्याचे प्रसंग घडले, त्यांचा तेथील वैद्यांनीं शोध केला. असे १३५ प्रसंग आढळले व त्यांपैकीं ९० पाण्यांत घडले होते. लाख स्पर्धकांमागें हें प्रमाण दोहोंहूनहि कमी पडतें, म्हणून घाबरून जाण्याचें कारण नाहीं. परंतु बळी पडलेल्यांत बहुतेक पुरुष होते, सरासरी वय सत्तेचाळिसाच्या घरांत होतें, आणि कित्येकांच्या हृदयांत अगोदरच दोष दडलेला होता. यास्तव चाळिशी उलटलेल्यानें, किंवा ज्याच्या कुळांत हृद्रोग आहे त्यानें, प्रथम वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. येथें पुरुषी ताठा कामाचा नाहीं.

उघड्या पाण्यांत जाण्यापूर्वीं तीन गोष्टी अंगवळणीं पडाव्या. पहिली, तोंड पाण्यांत असतां श्वास सावकाश सोडणें. नवशिक्या श्वास कोंडून धरतो व तेथूनच घुसमट सुरू होते. दुसरी, मन बावरतांच पालथ्याचें उताणें होऊन आकाशाकडे पाहत तरंगणें. तिसरी, आठ-दहा हात मारल्यावर डोळे वर करून समोरची खूण पाहणें. पाण्यांत आंखलेली रेघ नसते. शर्यतींत हात वर केल्यास रक्षक येतो, आणि पुढें न सरकतां होडी धरून दम घेण्यास बहुधा नियमाची आडकाठी नसते. सरावास एकट्यानें कधींहि जाऊं नये. भडक रंगाची टोपी घालावी व कमरेस तरंगता फुगा बांधावा. आम्ही लहानपणीं मळ्यांतील विहिरींत पाठीस सुका भोपळा बांधून पोहावयास शिकलों. हा फुगा त्याच भोपळ्याचा नातू होय.

अर्ध्या शक्तीचा नियम

वाग्भटाचार्यांनीं अष्टांगहृदयांत असें सांगितलें आहे कीं, बलवान् व स्निग्ध आहार घेणाऱ्या मनुष्यानेंहि व्यायाम अर्ध्या शक्तीनेंच करावा, तोहि थंडीच्या दिवसांत व वसंतांत; इतर ऋतूंत त्याहून कमी. आजचे शिक्षकहि निराळ्या शब्दांत हेंच सांगतात. बहुतेक सराव असा असावा कीं, तो करतांना शेजाऱ्याशीं पुरें वाक्य बोलतां यावें. वाक्य तुटूं लागलें कीं वेग कमी करावा.

ज्यास थोडेंफार तिन्ही येतें त्यानें स्प्रिंटकरितां बारा आठवडे हातीं ठेवावे. आठवड्यांत दोनदां पोहणें, दोनदां सायकल, दोनदां धांवणें व एक दिवस पूर्ण विश्रांति. एकूण चार-पांच तास पुरतात. जें अंग कच्चें त्यास अधिक वेळ द्यावा. आपला स्वभाव मात्र येतें तेंच घोकण्याचा असतो. हें आम्ही पस्तीस वर्षें वर्गांत पाहत आलों. दर चौथ्या आठवड्यांत सराव हलका करावा व शेवटच्या आठवड्यांत निम्म्यावर आणावा. सहाव्या आठवड्यापासून एक दिवस सायकलीवरून उतरतांच दहा मिनिटें धांवावें. प्रथम पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात. चार-पांच वेळां केल्यावर ते वळणावर येतात. कपडे व जोडे बदलण्याचा सराव अंगणांत करावा. आमचा पुतण्या करूं लागला तेव्हां घरचीं मुलें घड्याळ घेऊन भोंवतीं उभीं राहत.

महाग सायकल घेण्याचें कारण नाहीं. ब्रेक व टायर तपासून घेतलेली घरची सायकल चालते. हेल्मेट मात्र अवश्य. सायकलीस हात लावण्यापूर्वींच त्याचा पट्टा बंद केलेला असावा, असा नियमच आहे. पुढच्या स्वाराच्या पाठीस लागून वाऱ्याचा आडोसा घेणें हौशी शर्यतींत बहुधा निषिद्ध असतें.

घरचा वांटा

हा खेळ एकट्याचा दिसला तरी त्याचा भार साऱ्या घरावर पडतो. पहांटे पांचाला दार उघडणार, त्यानंतर न्याहारी, शाळेचे डबे, ओले कपडे, हें कोणी पाहावयाचें? आमच्या घरीं हा प्रश्न पुतण्यामुळें नव्हे, तर धाकट्या सूनबाईंमुळें निघाला. पुतण्याच्या त्या प्रसंगानंतर महिनाभरानें त्या आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मामंजी, मीहि शिकूं का? वय अडतीस झालं; पाण्यांत कधीं उतरलें नाहीं. पण भाऊजी एकटे जायला नकोत." आमचे कुटुंब प्रथम रागावलें. "दोन मुलांच्या आईनं आतां पाण्यांत उड्या मारायच्या?" आम्ही कांहींच बोललों नाहीं. आठ दिवसांनीं त्याच म्हणाल्या, "सकाळचा चहा नि मुलांचे डबे मी बघेन. पण एकादशीला सराव नाहीं, आणि उपाशीपोटीं तर मुळींच नाहीं." आम्हांस वाटतें, कोणाहि शिक्षकानें याहून शहाणा नियम घालून दिला नसता.

आहाराविषयीं थोडक्यांत इतकेंच. शाकाहारानें हा खेळ उत्तम साधतो; मात्र डाळी, उसळी, दूध, दहीं यांचें प्रमाण वाढवावें. शर्यतीच्या आदल्या रात्रीं साधा वरणभात, सकाळीं दोन-अडीच तास आधीं पोहे किंवा केळें, आणि त्या दिवशीं नवा पदार्थ, नवे जोडे, नवा कपडा कांहींच वापरूं नये.

सूनबाई वर्षभर पोहावयास शिकल्या. पहिले दोन महिने त्या नुसत्या तरंगतच होत्या. पुतण्याहि त्यांच्याबरोबर पुन्हां पहिलीपासून बसला. पुढील वर्षीं मार्गशीर्षांत दोघांनीं एका तलावावरील स्प्रिंट केली. आम्ही कांठावर छत्री टेकून उभे होतों. चारशें मीटरांच्या सुमारास सूनबाईंची पिवळी टोपी थांबली. आमच्या पोटांत गोळा उठला. पाहतों तों त्या उताण्या झाल्या, आणि आम्हीं मोजलेले वीस श्वास तशाच पडून राहिल्या. मग वळल्या व पुन्हां हात मारूं लागल्या. दोन तास नऊ मिनिटांनीं त्या शेवटाच्या कमानीखालून आल्या. त्यांच्यामागें फक्त चौघे होते. पुतण्या वीस मिनिटें आधींच येऊन, पाण्याची बाटली घेऊन, वहिनींची वाट पाहत उभा होता.

परततांना गाडींत आम्हीं त्यास विचारलें, "मग आतां गोवा?" तो म्हणाला, "काका, आधीं ऑलिंपिक. गोवा कुठं पळून जात नाहीं." त्या दिवशीं मात्र आम्हीं त्याची पाठ पुन्हां थोपटली.