स्वादुपिंडाचे शेजारी

स्वादुपिंड जठराच्या मागे, अगदी दाटीवाटीत वसलेले असते. त्याचे शीर्ष लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या, म्हणजे आद्यांत्राच्या, इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या वळणात बसते. स्वादुपिंडाच्या कर्करोगाची गाठ बहुधा याच शीर्षात होते. तिला किती किरण द्यायचे, हे यंत्राच्या ताकदीवर नव्हे, तर शेजारच्या आतड्याला किती सोसते यावर ठरते.

असे का? आद्यांत्राच्या अस्तरातील पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात. अशा भराभर विभागणाऱ्या पेशींना किरणांची इजा लवकर होते. मात्रा जास्त झाली तर तेथे व्रण पडतो, रक्तस्राव होतो, क्वचित आतड्याला भोकही पडते.

मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक किलोग्रॅम ऊतीने एक ज्यूल ऊर्जा शोषली, की एक ग्रे. रूढ पद्धतीत १.८ ग्रेचा एक, असे २८ हप्ते, म्हणजे एकूण ५०.४ ग्रे देतात. दोन हप्त्यांच्या मधल्या काळात निरोगी पेशी आपली बरीचशी दुरुस्ती करून घेतात.

दुसरा उपाय दिशांचा. अंधाऱ्या वर्गात चार कोपऱ्यांतून चार विजेऱ्यांचे झोत मधल्या चेंडूवर टाकून पाहा. प्रत्येक झोताच्या वाटेत प्रकाश थोडाच, पण चेंडू लख्ख उजळतो. किरणही असेच अनेक दिशांनी गाठीवर एकत्र आणतात.

तरीही गाठीच्या कडेला मात्रा एकदम शून्य होत नाही; ती काही मिलिमीटरांत उतरत जाते. शिवाय श्वासाबरोबर स्वादुपिंड वर-खाली सरकते, काही रुग्णांत एक-दोन सेंटिमीटरही. म्हणून रुग्णाला श्वास रोखायला सांगतात, किंवा श्वासाच्या ठरावीक टप्प्यातच किरण सोडतात. काही ठिकाणी चुंबकीय प्रतिमा पाहून त्या दिवसापुरता आराखडा बदलतात.

पुरःस्थ ग्रंथीच्या उपचारात ग्रंथी आणि गुदाशय यांच्यामध्ये जेल भरून अंतर वाढवतात. काही महिन्यांत ते शरीरात विरून जाते. स्वादुपिंड आणि आद्यांत्र यांच्यामध्येही असे जेल भरण्याचे छोट्या प्रमाणावर प्रयोग झाले आहेत. पण गाठ आतड्यात शिरली असेल, तर दूर सारायला जागाच उरत नाही. तेव्हा आतड्याला लागून असलेल्या कडेला मात्रा जाणूनबुजून कमी ठेवावी लागते, आणि गाठीचा तेवढा भाग कमी मात्रेवर सोडावा लागतो.