उणे २६३ अंशांवरचे रसायन

धुळ्यात जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो, तर मे महिन्यात जळगावला तो ४५ अंशांच्या आसपास जातो. सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ते गढूळ व्हायला लागणारा वेळ मोजण्याचा प्रयोग दोन्ही ऋतूंत करून पाहावा. उन्हाळ्यात तो कितीतरी लवकर आटोपतो. तापमान १० अंशांनी वाढले की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असे आपण वर्गात सांगतो.

आता हा नियम उलटा चालवू. ४० अंशांना एका मिनिटात होणारी अभिक्रिया १० अंशांना आठ मिनिटे घेईल. ज्या मेघांत तारे जन्मतात, तेथील तापमान सुमारे उणे २६३ अंश सेल्सिअस, म्हणजे १० केल्विन असते. तेथे याच हिशेबाने शंभर कोटींहून अधिक मिनिटे, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षे लागतील. खरे तर हा नियम नेहमीच्या तापमानांपुरताच आहे. इतक्या थंडीत वेग याहूनही फार मंदावतो. मग अशा मेघांत रसायनशास्त्र थिजलेलेच असणार, असे वाटणे साहजिक आहे.

पण तसे दिसत नाही. मेघांतील सूक्ष्म धूलिकणांवर पाणी, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, मिथेन, मिथेनॉल अशा पदार्थांचे बर्फ साचते. जेम्स वेब दुर्बिणीच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत ते स्पष्ट दिसले. अशाच बर्फाचा वारसा सांगणाऱ्या धूमकेतूंत याहून मोठे रेणूही आढळतात. हेल-बॉप धूमकेतूत एथिलीन ग्लायकॉल सापडले. ६७पी धूमकेतूजवळ रोझेटा यानाला ग्लायसीन हे अमिनो आम्ल सापडल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. उष्णता नसताना हे रेणू घडवले कोणी?

ऊर्जेचा हिशेब मांडला की कोडे उलगडू लागते. १० केल्विनला उष्णतेमुळे रेणूच्या वाट्याला येणारी ऊर्जा एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. पाण्याच्या रेणूतून एक हायड्रोजन तोडायला मात्र पाचांहून थोडे अधिक इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. ही तूट विश्वकिरण भरून काढतात. हे बहुतांशी अतिवेगवान प्रोटॉन. ताऱ्यांचा प्रकाश जेथे पोहोचत नाही, तेथेही ते शिरतात. बर्फातून जाताना ते रेणूंतील इलेक्ट्रॉन उडवतात. ते इलेक्ट्रॉन आणखी इलेक्ट्रॉन उडवतात. बर्फात दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मुरली की असे हजारो दुय्यम इलेक्ट्रॉन तयार होतात. त्यांतील बहुतेकांची ऊर्जा थोडीच असते, पण बंध तोडायला ती पुरते.

याचे उदाहरण आपल्या वाटेवरच आहे. जळगावहून रेल्वेने नाशिकला जाताना मनमाडनंतर लासलगाव लागते. तेथे भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये ‘कृषक’ हे प्रारण केंद्र उभारले. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण कांद्यावर सोडले की त्याला कोंब फुटत नाहीत. येथेही गॅमा किरण स्वतः फारसे बंध तोडत नाहीत. ते कांद्यातील इलेक्ट्रॉन उडवतात, आणि पुढचे काम हे इलेक्ट्रॉन करतात. कांदा त्यामुळे किरणोत्सारी होत नाही, हेही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

मंद इलेक्ट्रॉनांची आणखी एक खुबी आहे. असा इलेक्ट्रॉन रेणूला क्षणभर चिकटतो आणि रेणू फुटतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वैभव प्रभुदेसाई, ई. कृष्णकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये वायुरूप रेणूंवर प्रयोग करून दाखवले, की इलेक्ट्रॉनची ऊर्जा बदलली तर कोणता हायड्रोजन सुटेल हेही बदलते. ॲसिटिक आम्लात सुमारे ७ इलेक्ट्रॉनव्होल्टला ऑक्सिजनवरचा हायड्रोजन सुटतो, तर ९ ते १० च्या आसपास कार्बनवरचा. उष्णता सगळ्या रेणूला हलवते. इलेक्ट्रॉन जणू नेमक्या गाठीवर बोट ठेवतो.

बंध तुटल्यावर उरतात ते मुक्त मूलक. मिथेनॉलच्या दोन रेणूंतील कार्बनवरचा एकेक हायड्रोजन गेला आणि उरलेले मूलक शेजारी असले, तर ते जुळून एथिलीन ग्लायकॉल बनते. गाडीच्या रेडिएटरमधील कूलंटमध्ये वापरतात तेच हे रसायन. दोन मूलक जुळायला सक्रियण ऊर्जा जवळजवळ लागतच नाही, म्हणून थंडी येथे आडवी येत नाही. जे मूलक दूर राहतात ते बर्फात अडकून पडतात. जवळ तारा जन्मून बर्फ थोडे तापले की ते सरकतात आणि एकमेकांना भेटतात.

प्रयोगशाळेत हे पाहण्यासाठी निर्वात पात्रातील अतिथंड पृष्ठावर वायू गोठवतात, त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडतात आणि अवरक्त किरणांनी नवे रेणू ओळखतात. मेघांत अतिनील किरणही बंध तोडतात. दोघांचा वाटा वेगळा काढणे हे आजही संशोधकांपुढील काम आहे.

तेव्हा दहा अंशांचा नियम शिकवताना आणखी एक वाक्य जोडावे, असे आम्हाला वाटते: उष्णता हा अभिक्रिया घडवण्याचा एक मार्ग आहे, एकमेव नव्हे. वरचा दोन हजार वर्षांचा हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा. उत्तर पाहून एखादी मुलगी विचारेल, “मग ग्लायसीन झाले कसे?” त्या दिवशीचा तास सार्थकी लागला, असे समजायला हरकत नाही.