रोज तीनशे अंडी

पश्चिम आफ्रिकेत सेनेगल नदीच्या काठी रिशार-तोल नावाचं गाव आहे. सभोवती ऊस, पाटाचं पाणी, साखर कारखाना. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला ओळखीचं वाटावं असं. 1986मध्ये नदीच्या मुखाजवळ दियामा धरण झालं, समुद्राचं खारं पाणी आत शिरायचं थांबलं आणि गोडं पाणी बारमाही झालं. 1988मध्ये गावात आतड्याच्या बिलहार्झियाचे पहिले रुग्ण सापडले. काही वर्षांतच बहुतेक गावाला लागण झाली.

हा आजार करणारा जंत जेमतेम एक सेंटिमीटरचा. नराच्या अंगावरच्या खाचेत मादी आयुष्यभर राहते आणि माणसाच्या आतड्याजवळच्या रक्तवाहिनीत रोज तीनशेपर्यंत अंडी घालते. म्हणजे वर्षाला 1,09,500. जंत सहसा तीन ते दहा वर्षं जगतो. पाच धरली तरी एका मादीची साडेपाच लाखांच्या आसपास होतात. शरीरात अशा पन्नास जोड्या असल्या तर रोज पंधरा हजार! यातली जवळपास निम्मी बाहेर पडतच नाहीत. ती यकृतात, आतड्याच्या भिंतीत अडकतात आणि त्यांच्याभोवती गाठी धरतात. माणूस खंगतो तो जंतापेक्षा या अंड्यांमुळे.

उरलेली शौचातून पाण्यात जातात. अंड्यातून निघालेल्या अळीला काही तासांत ठरावीक जातीची गोगलगाय गाठावी लागते. बहुतेकींना ती सापडत नाही. पण जिला सापडली, तिच्यापासून हजारो नव्या अळ्या तयार होतात आणि त्या उन्हाच्या वेळी पाण्यात उतरतात. नेमक्या त्याच वेळी बायका धुणं घेऊन नदीवर आलेल्या असतात, पोरं डुंबत असतात. अळी काही मिनिटांत कातडीतून आत शिरते. पाणी उकळून प्यालं तरी उपयोग नाही, कारण हा रोग पिण्यातून होतच नाही. गुडघाभर पाण्यात उभं राहणं पुरतं. घरात नळ असलेल्या बाईला त्या पाण्यात उतरावं लागत नाही. रोगाची सगळी गणितं मला इथेच येऊन थांबताना दिसतात.

मूत्रमार्गाच्या बिलहार्झियात जंताची अंडी बायकांच्या जननेंद्रियांतही रुततात. अशा बायका-मुलींचा अंदाज 5 कोटी 60 लाखांचा आहे. त्या जखमा लैंगिक आजाराच्या समजल्या जातात आणि नदीवर धुणं धुणाऱ्या बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवलं जातं. या सगळ्यात मला सर्वांत असह्य वाटते ती ही गोष्ट.

आपल्याकडे कोकणातही बिलहार्झिया सापडला होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावातले रुग्ण 1952मध्ये गाडगीळ आणि शाह यांनी नोंदवले. आपल्याकडे प्रश्न फारसा पसरला नाही. जगात मात्र 2021मध्ये 25 कोटी 14 लाख लोकांना प्रतिबंधक औषधाची गरज होती, म्हणजे 2011च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक. त्यांतले किमान नव्वद टक्के आफ्रिकेतले. औषध मिळाल्याची नोंद झाली साडेसात कोटींची.

पुन्हा सेनेगलकडे येऊ. तिथल्या नदीतली मोठी कोळंबी अळ्या वाढवणाऱ्या या गोगलगाई खायची. पिल्लांसाठी तिला मचूळ पाण्यात मुखाकडे जावं लागतं आणि ती वाट दियामा धरणाने अडवली. लाम्प्सार गावात संशोधकांनी पाणवठ्यावर कोळंबी पुन्हा सोडून पाहिली, तेव्हा लागण झालेल्या गोगलगाई घटल्या आणि लोकांच्या शरीरातल्या अंड्यांचं प्रमाणही उतरलं.

जंतावरच्या औषधाचं नाव प्राझिक्वांटेल. शाळेत मुलाला खुणा केलेल्या काठीशी उभं करतात, उंचीवरून गोळ्या ठरवतात आणि तिथेच गिळायला लावतात. मोठे जंत मरतात. पण पोरगं दुसऱ्या दिवशी दुपारी आईबरोबर धुण्याला त्याच घाटावर जातं, कारण गावात दुसरं पाणी नाही. त्या दुपारी कातडीतून शिरलेली मादी दीडेक महिन्यात अंडी घालू लागते, रोज तीनशे.