पोकर : चेहरा दिसत नाही, मग चाल वाचायची

चलथाण : सातम-आठमला आपल्याकडे तीन पत्ती बसते, तेव्हा समोरच्याचा चेहरा दिसतो. ऑनलाइन पोकरमध्ये तो नाही. म्हणून जाणकार चाल बघतात : किती लावले, कधी लावले आणि शेवटी पत्ते काय निघाले.

हिशेब सोपा आहे. पॉटमध्ये ६०० रुपये आहेत, समोरच्याने आणखी ६०० लावले. तुम्ही ६०० घातले की पॉट १८०० चा. तीनदा खेळून एकदा जिंकलात तरच बरोबरी. तो मोठी चाल फक्त भारी पत्त्यांवरच मारत असेल, तर पॅक केलेलं बरं. पण ही सवय दोन-चार डावांत कळत नाही, शेकडो डाव लागतात.

आणि समोरचा सरळ खेळतोय कशावरून? २००७ मध्ये ‘अ‍ॅब्सोल्यूट पोकर’वर एक जण सगळ्यांचे पत्ते बघून खेळत होता. खेळाडूंनी त्याच्या चालींच्या नोंदींवरूनच ती लबाडी उघड केली.

गुजरात हायकोर्टाने २०१७ मध्ये पोकरला जुगार ठरवलं. केंद्राच्या ऑगस्ट २०२५ च्या कायद्यात पैशांचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर बंदी आहे. तरी मोबाइलवर लिंक आलीच, तर एवढं ध्यानात ठेवा : तुम्हाला फक्त चाल दिसते, पत्ते अ‍ॅपवाल्याच्या हातात असतात.