मोटारीच्या दाबसंवेदकाचे दोषनिदान : बुलडाणा जिल्ह्याच्या भूरचनेच्या संदर्भात

मोटारीच्या फलकावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला जातो. पडद्यावर पी०१०७ किंवा पी०१०८ हा संकेतांक उमटताच दाबसंवेदक, म्हणजेच मिस्त्रींच्या भाषेतील 'मॅप सेन्सर', बदलण्याचा निर्णय अनेकदा घेतला जातो. वस्तुतः सेन्सरच्या तारेवरील व्होल्टेज मर्यादेहून कमी वा अधिक आहे, एवढेच हा संकेतांक सांगतो. दोष सेन्सरचा की वायरिंगचा, हे शोधणे उरतेच. तो शोध न घेतल्यास ग्राहकाच्या पैशाने चांगला सेन्सर फेकला जातो आणि दिवा पुन्हा लागतो.

हा सेन्सर इंटेक मॅनिफोल्डमधील हवेचा निरपेक्ष दाब मोजतो व त्याआधारे संगणक इंधनाचे प्रमाण ठरवितो. इंजिन बंद असताना तेथे बाहेरच्या हवेइतकाच दाब असतो. म्हणून चावी फिरवून, परंतु इंजिन सुरू न करता, स्कॅनरवरील आकडा प्रथम पाहावा. तो त्या गावच्या वायुदाबाशी जुळला पाहिजे.

येथे 'त्या गावच्या' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पुस्तकांतील १०१ किलोपास्कल हा आकडा समुद्रसपाटीचा होय. मलकापूर पूर्णेच्या खोऱ्यात सुमारे २५० मीटर उंचीवर, तर बुलडाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेत सुमारे ६५० मीटरवर आहे. साहजिकच मलकापुरात ९८ व बुलडाण्यात ९४ च्या आसपास आकडा येणे हे निर्दोष सेन्सरचे लक्षण ठरते. राजूर घाट चढून आलेल्या गाडीचा आकडा चारने उतरला तर सेन्सर आपले काम चोख करीत आहे. तो मुळीच हलला नाही तरच संशयास जागा आहे. हवामानाच्या बातमीतील दाब समुद्रसपाटीस रूपांतरित केलेला असतो. त्याच्याशी तुलना केल्यास फसगत होते.

आकडा जुळत नसल्यास मल्टीमीटर घ्यावा. तीन तारांच्या सेन्सरला ५ व्होल्टचा पुरवठा व पक्के अर्थिंग मिळते का, हे आधी तपासावे. ते नसल्यास दोष वायरिंगमध्ये आहे. दोन्ही ठीक असूनही संकेत चुकत असेल, तरच सेन्सर बदलणे योग्य.

बंद इंजिनात आकडा बरोबर, पण पेट्रोल इंजिन संथ गतीने चालताना तो अपेक्षित ३० ते ४० ऐवजी बराच वर राहत असेल, तर चिरलेली व्हॅक्यूम नळी वा गॅस्केट पाहावे. डिझेल इंजिनास मात्र ही कसोटी लागू नाही. संथ गतीतही तेथील दाब बाहेरच्या हवेइतकाच राहतो.